दुसरा खिळा

बायको जाऊन चार महिने झाले होते आणि मिस्त्रींना अजून रडू आलं नव्हतं. शेजारणीने मुलीला जिन्यात गाठून विचारलं, बाबा रडले की नाही? मुलगी म्हणाली, नाही. शेजारीण म्हणाली, मग आतल्या आत साचत असणार, बघ हो, लक्ष ठेव. दार उघडंच होतं आणि मिस्त्री आत कप विसळत होते, त्यामुळे त्यांना सगळं ऐकू आलं. त्यांनाही वाटलं, एकदा बघावं काय साचलंय ते. बघितलं तर काही नव्हतं. त्यांनी कप पालथा घातला आणि हात पुसले.

तसं रोजचं सगळं चालू होतं. सहाला उठायचं, दूध तापवायचं, दाढी करायची. अंथरुणाची एकच बाजू चुरगळत होती, त्यामुळे सकाळी चादर झटकायला वेळ लागत नव्हता. जेवण पोटात जात होतं, पण भाजीत मीठ होतं का असं कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. दात काढायच्या आधी डॉक्टर हिरडीत सुई देतात आणि मग गाल आपला असून आपला राहत नाही, तसं त्यांचं सगळं अंग झालं होतं.

मुलीने ठरवलं होतं की बाबांनी आता तिच्याकडे राहायचं. मिस्त्री हो म्हणाले. नाही म्हणायला जेवढा जोर लागतो तेवढा अंगात नव्हता. मुलगी आठवडाभर रजा काढून आली. भांडी वाटली, कपाट कोणाला तरी दिलं, बायकोच्या साड्यांची दोन गाठोडी बांधली. रविवारी घर रिकामं करायचं होतं. राहिला होता फक्त रेडिओग्राम.

हल्लीच्या पोरांनी रेडिओग्राम बघितलेला नसतो, म्हणून सांगायला हवं. खाटेएवढं लांब आणि कमरेएवढं उंच लाकडी कॅबिनेट, खाली चार निमुळते पाय. डावीकडचं झाकण उचललं की आत रेकॉर्ड लावायची तबकडी. मधे रेडिओ, त्याची पिवळी काच. उजवीकडे जाड विणलेल्या कापडामागे स्पीकर. बटण फिरवलं की लगेच वाजत नाही. आतले व्हॉल्व्ह तापायला वेळ घेतात, आणि ते तापले की लाकडाचा, सरसाचा आणि जुन्या धुळीचा मिळून एक वास सुटतो. हे कॅबिनेट मिस्त्रींनी स्वतः केलेलं होतं. पुढच्या दोन दारांवरचे लाकडाचे पातळ पापुद्रे एकाच ओंडक्यातले होते, असे शेजारी शेजारी चिकटवलेले की उघडलेल्या पुस्तकासारख्या दोन्हीकडे सारख्या रेषा दिसाव्यात.

मुलगी तिसऱ्या मजल्यावर राहायची. मिस्त्रींनी तिच्या जिन्याचं वळण टेपने मोजून बघितलं होतं. रेडिओग्राम चार बोटं जास्त लांब होता. चार बोटं लाकूड तासून काढता येतं, पण सेट कापून पाय एकीकडे आणि तबकडी दुसरीकडे असं काही करता येत नाही. मग मुलीने फोनवर एक गिऱ्हाईक शोधलं. जुने सेट घेऊन ते दुरुस्त करणारा, जपून ठेवणारा माणूस. रविवारी दहाला टेम्पो घेऊन येणार होता.

मिस्त्री म्हणाले, येऊ दे. पण खोट काढल्याशिवाय मी तो घराबाहेर जाऊ देणार नाही.

मुलगी डब्यांना चिकटपट्टी लावत होती. तिने मान वर केली नाही. “बाबा, एक्केचाळीस वर्षांत निघाली नाही ती खोट. आता चार दिवसांत काढणार?”

मिस्त्रींनी पेचकस शोधला.

ही खोट म्हणजे काय, ते पहिल्यापासून सांगावं लागेल.

मिस्त्री ज्या कारखान्यात होते तिथे एका टोकाला लाकूडकाम आणि दुसऱ्या टोकाला यंत्रकाम. दोन्ही जिथे एकत्र यायची तिथे तपासणीची खोली, भिंतींना दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा लावलेली, आत गेलं की स्वतःचाच श्वास ऐकू यावा अशी. तिथे एक बाई बसायची. सेट पुरा झाला की तिच्यापुढे जायचा. ती एक ठरावीक रेकॉर्ड लावायची, त्यात आवाज वरून खाली उतरत उतरत पार खर्जात जायचा. बाई डोळे मिटून ऐकायची. काही ठिकाणी लाकूड थरथरतं, पत्रा बोलतो, एखादा स्क्रू कुरकुरतो. तसं काही ऐकू आलं की ती डावा तळवा कॅबिनेटवर सपाट ठेवायची. तळव्याने आवाज बदलला तर खोट लाकडात. नाही बदलला तर यंत्रात. मग मागची फळी खोलून तिच्या आतल्या अंगाला ती एक गोल पत्र्याचा बिल्ला ठोकायची, त्यावर नंबर, वर एक खिळा, खाली एक खिळा. तो नापासाचा बिल्ला. पोरं तिला पाठीमागे नापासबाई म्हणायची. तिलाही ते ठाऊक होतं.

मिस्त्री तेव्हा सव्वीस वर्षांचे होते आणि लाकूडकामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, असं ते स्वतः म्हणायचे. या पुस्तकासारख्या दारांच्या कॅबिनेटवर त्यांनी तीन आठवडे घातले होते. जेवायच्या सुट्टीत कोणीतरी येऊन हसत हसत सांगितलं, मिस्त्री, नापासबाईने तुमचं लेकरू नापास केलं. मिस्त्री हातात रंधा होता तसेच उठले आणि तपासणीच्या खोलीत शिरले. बाई मागच्या फळीवर वाकून हातोडी मारत होती. मिस्त्रींनी बरंच काही ऐकवलं. लाकडातलं कळतं का, कधी रंधा धरलाय का, वगैरे. बाईने हातोडी बाजूला ठेवली, फळी सेटला परत बसवली, रेकॉर्ड लावली आणि म्हणाली, “हात द्या.”

त्यांनी न कळून हात पुढे केला. तिने तो मनगटाला धरून झाकणावर सपाट ठेवला.

“आता ऐका.”

खर्जातला आवाज आला आणि त्याच्या कडेला एक बारीक झिर्र. तळवा दाबला की कमी, उचलला की जास्त. मिस्त्रींना ते स्वच्छ ऐकू आलं. ते म्हणाले, मला काही ऐकू येत नाही.

नापास कॅबिनेटं फोडून बॉयलरमध्ये घालायची रीत होती. कामगाराला हवं असेल तर यंत्राचे पैसे भरून आख्खं घरी नेता यायचं. मिस्त्रींनी ते नेलं, बाईला खोटं पाडायला. घरी खोलून बघतात तर तळाच्या कोपऱ्यातले दोन ठोकळे सुटलेले. बाईचं बरोबर होतं. मिस्त्रींनी दाराला कडी लावून ते ताज्या सरसाने चिकटवले आणि कोणालाही सांगितलं नाही. मग सेट लावला. तरी झिर्र होतंच.

आता मात्र त्यांच्या अंगात बळ आलं. लाकूड तर त्यांनी पक्कं केलं होतं. म्हणजे खोट यंत्रात. ते बाईला म्हणाले, घरी येऊन ऐका. बाई आली. मिस्त्रींच्या आईने चहा केला. बाईने तळवा ठेवला, आवाज बदलला. ती म्हणाली, लाकडात आहे. मिस्त्री म्हणाले, यंत्रात आहे. अशी ती चार वेळा आली. पाचव्या वेळी तिचा थोरला भाऊ बरोबर आला आणि बोलणी झाली. मिस्त्रींची आई मरेपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, ही खोट काढायला आली आणि राहिलीच.

एक्केचाळीस वर्षं त्या घरात हे भांडण चाललं. रेडिओवर एक बातम्या देणारा होता, त्याचा आवाज जाड होता, आणि तो बोलायला लागला की हमखास झिर्र व्हायचं. बायकोने त्याचं नाव भुंगा ठेवलं होतं. तो बिचारा निवृत्त झाला तरी झिर्रला भुंगाच म्हणायची पद्धत राहिली. घरात कशावरूनही वाजलं, पैसे जपून खर्च करण्यावरून, मुलीच्या शाळेवरून, पंख्याच्या वेगावरून, तरी शेवट ठरलेला. ती म्हणायची, आधी ती खोट काढा मग मला शिकवा. आणि ते म्हणायचे, यंत्राची खोट सुतार कशी काढणार?

मिस्त्रींनी प्रयत्न केला नाही असं नाही. गंमत अशी की मागची फळी काढली की भुंगा गप्प. फळी लावली की चालू. म्हणून सगळा राग फळीवर. तिच्या कडा तासून झाल्या, कडेने नमद्याच्या पट्ट्या लावून झाल्या, स्क्रू तीनदा बदलून झाले. भुंगा हलला नाही. प्रत्येक वेळी फळी उलटी करून मांडीवर घेतली की आतला गोल बिल्ला दिसायचा, आणि तो दिसला की मिस्त्री तोंड फिरवायचे. स्वतःच्या कामावरचा नापासाचा शिक्का कोण बघत बसतं?

शेवटच्या आठवड्यात बायको पडूनच होती. एकदा दुपारी बातम्या लागल्या होत्या आणि ती आतल्या खोलीतून म्हणाली, “अहो, भुंगा.” मिस्त्री म्हणाले, “यंत्रात आहे.” आणि दूध उतू जायला आलं म्हणून स्वयंपाकघरात गेले. पुढे औषधाच्या वेळा, कूस बदलणं, पाणी, एवढंच बोलणं झालं. म्हणजे बोलणं असं ते शेवटचंच.

तेव्हा मिस्त्रींना रविवारच्या आत एवढंच कळायला हवं होतं, लाकडात की यंत्रात. लाकडात असेल तर बायकोचं खरं होतं आणि ते आता तरी कबूल करायला हवं. आणि सेट एकदा परक्या घरी गेला की ते कधीच कळणार नव्हतं. या भांडणाखेरीज त्यांच्याकडे तिच्याशी बोलायचं दुसरं काही उरलं नव्हतं.

बुधवारी त्यांनी आतला एकेक ठोकळा छिन्नीच्या मुठीने ठोकून बघितला. सगळे दगडासारखे. त्या दोन ठोकळ्यांचा सरससुद्धा काल लावल्यासारखा.

गुरुवारी रेडिओ दुरुस्त करणारा आला. कारखान्यातल्या यंत्रकामातलाच माणूस, आता कानाला मशीन लावलेला. त्याने आतलं सगळं यंत्र आणि स्पीकर बाहेर काढून टेबलावर मांडलं. बायकोची एक आवडती रेकॉर्ड होती, उभ्या मोठ्या व्हायोलिनची, तिच्यात खर्ज भरपूर. ती लावली. मिस्त्री कान लावून बसले. मुलगीही येऊन उभी राहिली. भुंगा नव्हता. एकदाही नाही.

“मिस्त्री,” तो म्हणाला, “वहिनी बरोबर सांगत होत्या. खोट तुमच्याकडचीच.”

मिस्त्री म्हणाले, बरं. हरलो. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली, हरल्याचं काही वाटतंय का म्हणून. मग त्याला यंत्र परत बसवायला मदत केली आणि जिन्यापर्यंत सोडून आले.

पण लाकडात कुठे? शुक्रवारी सबंध दिवस त्यांनी सेट वाजता ठेवून बोटाने इंच इंच दाबला. दारं, झाकण, बिजागऱ्या, पाय. कुठेही दाबलं की भुंगा थोडा दबायचा आणि कुठेही पुरता जायचा नाही. संध्याकाळी मुलगी म्हणाली, बाबा, जेवून घ्या आता. ते जेवले.

शनिवारी दुपारी गिऱ्हाईकाचा फोन आला. त्याला सेट कोणत्या साली झाला ते बघायचं होतं. मागच्या फळीच्या आत काही नंबर असेल तर वाचून दाखवता का, असं त्याने विचारलं. मुलगी फोन घेऊन स्वयंपाकघरातून ओरडली. मिस्त्रींनी सहा स्क्रू काढले, फळी मांडीवर उलटी घेतली आणि पहिल्यांदाच त्या बिल्ल्याकडे नीट बघितलं. नंबरावर धूळ होती. त्यांनी अंगठ्याने पुसली.

बिल्ला अंगठ्याबरोबर फिरला.

वरच्या एका खिळ्यावर तो लोंबत होता. खालचं भोक रिकामं होतं. मिस्त्रींनी बिल्ला बाजूला सारून खालचं लाकूड बघितलं. तिथे खिळ्याची खूणच नव्हती. म्हणजे दुसरा खिळा निघून पडला नव्हता, तो कधी ठोकलाच गेला नव्हता. त्यांनी नखाने बिल्ल्याला टिचकी मारली.

झिर्र.

“बाबा, नंबर?”

त्यांनी नंबर सांगितला. मुलीने तो फोनवर सांगितला आणि फोन ठेवला. मिस्त्री फळी घेऊन बसून राहिले. पहिल्या दिवशीची खोट लाकडाची होती, बायकोचं बरोबर होतं. पण ती खोट त्यांनी त्याच आठवड्यात काढली होती. पुढची एक्केचाळीस वर्षं वाजत होता तो तिचा बिल्ला. नापासबाईने नापास केलं म्हणून सेट नापास होता. भांडण त्यांनी जिंकलं होतं.

ते फळी घेऊन उठले. चार पावलं गेले, स्वयंपाकघराच्या दाराशी पोचले. “अगं, ऐकलंस का,” ते म्हणाले, “तुझाच बिल्ला...”

ओट्यापाशी मुलगी होती. तिने वळून बघितलं.

आणि तिथे दारात उभं असतानाच बायकोचं उत्तर त्यांच्या कानात आलं. अगदी तिच्या चालीत, घाई न करता. दुसरा खिळा का राहिला? मी ठोकतच होते की. कोण आलं होतं रंधा घेऊन भांडायला?

हातोडी बाजूला ठेवलेली त्यांनी स्वतः बघितली होती. एक खिळा मारून झाला होता आणि दुसरा तिच्या ओठात धरलेला होता. तो तिने तोंडातून काढून टेबलावर ठेवला, मगच तिला “हात द्या” म्हणता आलं. एवढं त्यांना आता आठवलं. म्हणजे जिंकलेलं भांडण दारापासून ओट्यापर्यंत जाईतो परत हातचं गेलं.

मुलीने विचारलं, काय झालं? मिस्त्रींनी तिला सगळं सांगितलं, बिल्ला टिचकी मारून ऐकवला. मुलगी हसली, पण ठोकळ्यांच्या गोष्टीला हसली, जिथे हसायचं तिथे नाही. मग तिने पदर तोंडाला लावला आणि ती रडायला लागली. मिस्त्री फळी धरून तिच्यापाशी उभे राहिले. तिच्या पाठीवरून हात फिरवावा असं त्यांना वाटलं, पण दोन्ही हातांत फळी होती. ते म्हणाले, “चहा उतू जातोय बघ.”

जुन्या खिळ्यांचा डबा अजून बांधायचा राहिला होता. त्यात कारखान्यातले तसलेच बारीक खिळे होते. मिस्त्रींनी एक निवडला, बिल्ला सरळ केला, खिळ्याचं टोक खालच्या भोकात टेकवलं. हातोडी उचलली. एका ठोक्याचं काम होतं. लाकूड चांगलं होतं, फुटलं नसतं. सदोष काम त्यांनी आयुष्यात दाराबाहेर पाठवलं नव्हतं.

बराच वेळ ते तसे बसले. मग हातोडी खाली ठेवली आणि फळी होती तशी, सहा स्क्रूंनी, परत लावली.

रविवारी गिऱ्हाईक आलं. चाळिशीतला माणूस, चष्मा डोक्यावर. त्याने दारांच्या रेषा बघितल्या आणि तो दारांपुढे उकिडवा बसला. हे मिस्त्रींना बरं वाटलं, म्हणजे वाटायला हवं होतं. त्याने विचारलं, वाजतो ना? मिस्त्रींनी व्हायोलिनची रेकॉर्ड लावली. सगळे उभे राहून ऐकत होते. गिऱ्हाईक म्हणालं, फारच छान, जराही दोष नाही.

“आहे,” मिस्त्री म्हणाले. “हात द्या.”

माणूस गोंधळला. मिस्त्रींनी त्याचा हात मनगटाला धरला आणि झाकणावर सपाट ठेवला, मग उचलला, मग परत ठेवला.

“आता ऐका.”

त्याने डोळे मिटले. रेकॉर्ड खर्जात उतरली. थोड्या वेळाने त्याने मान हलवली. म्हणाला, हो. कडेला काहीतरी आहे. बारीक.

मिस्त्रींनी सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढून त्याला दिली. आत खिळा होता. मागच्या बिल्ल्याला दुसरा खिळा नाही, तेवढा मारला की आवाज जाईल, असं त्यांनी सांगितलं. तो म्हणाला, मग तुम्हीच मारा की. कॅबिनेट तुमचं, शेवटचा हातही तुमचाच लागू दे.

“मी मारला तर भांडण मिटेल,” मिस्त्री म्हणाले.

त्याने मुलीकडे बघितलं. मुलगी खिडकीबाहेर बघत होती. त्याने पुडी खिशात ठेवली आणि म्हणाला, घाई नाही मलाही.

त्याने आणि टेम्पोवाल्याने सेट उचलला. मिस्त्रींनी पुढे होऊन अजून तापलेल्या झाकणावर डावा तळवा टेकवला आणि ते म्हणाले, पायांना धरू नका, तळाला धरा, आणि दारातून डावीकडून काढा. ते जिन्याच्या कठड्याशी उभे राहिले. टेम्पो सुरू झाला, गल्लीच्या वळणावर गेला. सेट बंद होता, त्यामुळे काही ऐकू यायचं कारण नव्हतं. तरी ते ऐकत राहिले.

आत फरशीवर चार पायांचे चार फिकट गोल राहिले होते. मुलगी केरसुणी घेऊन आली आणि तिथे थांबली. म्हणाली, बाबा, कुलूप लावू या? मिस्त्री म्हणाले, लाव. त्यांचा डावा तळवा सेटच्या झाकणावर होता तेवढा अजून ऊन होता. त्यांनी तो उघडून बघितला, परत मिटला, आणि कुलूप लागेपर्यंत तो खिशात घातला नाही.